रूथबाईंच्या झाडाच्या दोन बाजू

नोव्हेंबर लागला की रूथबाई ओळखीच्या माणसांकडे एखादी निरुपयोगी वस्तू मागू लागत. तुटलेले बटण, विरलेल्या पदराची किनार, कंगव्याचा दात, काहीही चाले. अट एकच असे: ती वस्तू त्या माणसाच्या अंगावर किंवा हातात वावरलेली असावी. मागताना त्या कारण देत नसत आणि संकोचही दाखवत नसत. उकळत्या पाण्यातली सुई चिमट्याने उचलावी तितक्या सहजपणे त्या म्हणत, "तुमचं काहीतरी द्या बरं का मला. नाताळ आला."

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्याला जोडून एक लहान दवाखाना होता. रूथबाई तिथल्या परिचारिका. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत जंतुपरीक्षणाच्या कामावर नुकतीच रुजू झाले होते. एकट्या बायकांसाठी बांधलेल्या बैठ्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी होत्या. समोर माळ, माळावर बाभळी, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. चाळीला अजून चुन्याचा वास येत होता. अशा कोऱ्या जागेत भुताखेतांना आधारच नसतो असे माझे मत होते, आणि ते मी रूथबाईंना पहिल्याच आठवड्यात ऐकवलेही. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काय एमेस्सी, जेवलात का?" माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही. माझी पदवी हेच त्यांनी मला ठेवलेले नाव.

ठेंगणा, काटक बांधा. काळासावळा, रेखीव चेहरा. खळ घातलेले पांढरे पातळ. पायांत कॅनव्हासचे बूट असल्याने चालण्याचा आवाज होत नसे. वय चाळिशीच्या अलीकडे असावे. अहमदनगरकडच्या मिशनच्या इस्पितळात त्या शिकल्या होत्या, आणि ताप, माणसे व स्वयंपाक या तिन्ही विषयांवर त्यांची मते ठाम होती. "ताप खोटं बोलत नाही, रोगी बोलतो," असे म्हणून त्या कामचुकार कामगाराच्या तोंडातून थर्मामीटर काढत आणि त्याला परत कामावर पिटाळत.

त्यांची एक सवय मात्र कोणत्याही शिस्तीत बसत नव्हती. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर, स्वतःच्याच खोलीचे कुलूप काढण्यापूर्वी, त्या कडी वाजवत. दोनदा वाजवत, जरा थांबत, मग किल्ली फिरवत. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आत कोणी असलं तर दचकायला नको." खोली बाहेरून बंद आहे, खिडकीला गज आहेत, तेव्हा आत कोणी असणे शक्य नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. "तेच तर," त्या म्हणाल्या.

रूथबाईंचे यजमान लढाईत वैद्यकीय पथकाबरोबर ब्रह्मदेशात गेले आणि माघारीच्या वेळी बेपत्ता झाले. सरकारने काही वर्षांनी त्यांना मृत ठरवले. "सरकारनं ठरवलं, ते सरकारचं काम," एवढेच रूथबाई त्यावर बोलत. यजमानांविषयी त्या नेहमी वर्तमानकाळात बोलत. आमच्या यांना भेंडी चालत नाही. आमचे हे फार घोरतात. ऐकणारा नवा असेल तर त्याची समजूत होई की गृहस्थ दुसऱ्या पाळीला गेले आहेत.

माझ्या पहिल्या डिसेंबरात मी त्यांना झाड उभे करताना पाहिले. सुरूची एक मोठी फांदी दिघीच्या बाजूने बैलगाडीतून आली. ती आणणारा भोसरीचा विठोबा दरवर्षी तोच असे आणि दरवर्षी तीच हुज्जत घाली.

"बाई, ह्ये झाड न्हाई, नुस्ती फांदी हाय. पैसं झाडाचं देताय, मला पाप लागंल."

"मग पुढच्या वर्षी मुळासकट आण."

"मुळासकट आनलं तर मिल्ट्रीवाले मला मुळासकट उपटतील."

मुरूम भरलेल्या रॉकेलच्या डब्यात फांदी रोवली गेली. डबा खोलीच्या बरोबर मधोमध ठेवला गेला. कोपऱ्यात जागा असताना येण्याजाण्याच्या वाटेवर का, असे मी विचारले. तेव्हा रूथबाईंनी पत्र्याची पेटी उघडून, जुन्या लुगड्याच्या घड्यांतून एकेक लोलक काढत, मला त्या झाडाचा नियम सांगितला. लोलक हा त्यांचा शब्द. कापडाचे असोत, काचेचे असोत, अंड्याच्या टरफलाचे असोत, झाडावर टांगायच्या सगळ्या वस्तूंना त्या लोलकच म्हणत.

प्रत्येक लोलक एका माणसाचा. नियम त्यांच्या आईकडून आलेला. जिवंत माणसाचा लोलक दरवर्षी नवा करायचा, त्याच्याकडून नव्याने मिळालेल्या वस्तूपासून, आणि तो झाडाच्या दाराकडच्या बाजूला टांगायचा. गेलेल्या माणसाचा नवा करायचा नाही. त्याचा शेवटचा लोलक जसा असेल तसा, फाटला तर फाटका, भिंतीकडच्या बाजूला टांगायचा. म्हणून झाड मधोमध. त्याला दोन बाजू हव्यात.

भिंतीकडची बाजू भरगच्च होती. आईच्या चष्म्याची दांडी लोकरीत गुंडाळलेली होती. वडिलांच्या पागोट्याच्या चिंधीचा तारा होता, रंग उडून राखाडी झालेला. तीन आठवड्यांचे होऊन गेलेल्या बाळाच्या झबल्याची लहानशी घंटा होती. ती रूथबाईंनी माझ्या हाती दिली नाही, स्वतःच टांगली. दाराकडे आम्ही: दवाखान्याचे डॉक्टर, दोन मैत्रिणी, कारखान्यातला मेकॅनिक हसनभाई, कंपाउंडर साळवे, आणि त्या वर्षीपासून मी. माझ्या प्रयोगशाळेतल्या झग्याचा आम्लाने जळालेला खिसा मी दिला होता. त्यात कापूस भरून, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून त्यांनी एक चिमणी केली होती. इतकी देखणी चिमणी माझ्या जळक्या खिशात असेल असे मला वाटले नव्हते.

सर्वांत शेवटी यजमानांचा लोलक. तोही नवा होता आणि दाराकडे टांगला गेला. पलंगाखालच्या काळ्या ट्रंकेत त्यांचे सामान होते: सदरे, पट्टा, दाढीचा ब्रश, टोपी. दर नाताळाला त्यातले थोडे थोडे वापरले जाई. मी हिशेबी बुद्धीने म्हणाले, "पण ट्रंक कधीतरी रिकामी होईल." रूथबाई फांदी सरळ करत होत्या. "होईल ना," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत त्यांनी यावं."

त्यांनी स्वतःला घातलेली मुदत ती एवढीच होती. ती मला तेव्हा भाबडी वाटली. पुढच्या वर्षी तशी वाटली नाही.

हसनभाई हा सगळ्या कारखान्याचा लाडका माणूस. भोसरीला राही, सायकलवरून येई, आणि दवाखान्यात औषधापेक्षा गप्पांसाठी अधिक डोकावे. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात रूथबाईंनी मागण्याआधीच त्याने टोपी काढून पुढे केली. "सिस्टर, टोपी घ्या, डोकं मला ठेवा. पोरीचं लग्न व्हायचंय अजून." रूथबाईंनी हसून टोपीच्या कडेचा तुकडा कापून घेतला. डिसेंबर सरत आला तरी तो तुकडा त्यांच्या टेबलावर दौतीखाली तसाच होता. चोवीस तारखेला झाड सजले तेव्हा हसनभाईचा लोलक जुनाच निघाला. तो कुठे टांगायचा हे ठरेना, म्हणून त्यांनी तो पेटीत परत ठेवला. मी म्हटले, अजून दुपार आहे, अर्ध्या तासाचे काम आहे. त्या म्हणाल्या, "दहादा घेऊन बसले, एमेस्सी. सुई चालत नाही."

जानेवारीत, संक्रांतीचा तिळगूळ अजून लोकांच्या तोंडात असताना, हसनभाई जेवणाच्या सुट्टीत शेडच्या सावलीला बसला आणि बसल्या जागी गेला. डबा उघडलेला होता. त्याला कसलाही आजार असल्याचे कोणाला माहीत नव्हते.

मला कोडे अनुत्तरित ठेवायची सवय नाही. मी उपपत्ती मांडली आणि ती रूथबाईंना स्पष्ट शब्दांत सांगितली: वीस वर्षे रोगी पाहिलेल्या डोळ्यांना ओठांची निळसर छटा, घोट्यांवरची सूज, जिना चढताना लागलेली धाप दिसते. ते दिसणे मनाच्या पृष्ठभागावर येत नाही, पण हाताला कळते. हात कचरतो. सुई न चालणे हे निदान होते, भाकीत नव्हते. रूथबाईंना ही उपपत्ती आवडली असावी, कारण त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली. मग विचारले, "मग ज्यांना मी पाहिलेलं नाही इतकी वर्षं, त्यांचं सांगा. त्यांच्या लोलकाला सुई चालते ती कशी?" मी म्हणाले, इच्छेमुळे. त्यांनी मान हलवली. पटले म्हणून की संभाषण संपले म्हणून, ते मला ठरवता आले नाही.

कंपाउंडर साळवे खेडचे. विधुर, मूलबाळ नाही. अंगाने किरकोळ, आवाजाने मऊ. बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवताना मात्र ते अशा एकाग्रतेने चिकटवत की रोगी ताटकळत उभे राहत. रूथबाईंना त्यांनी मागणी घातली होती हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होते. कारण साळव्यांनी ती उपासनेनंतर, खडकीच्या चर्चच्या पायऱ्यांवर, पाळकांच्या समक्ष घातली होती. रूथबाईंनी नकार दिला नाही. त्यांनी नियम सांगितला. दाराकडे ज्याचा नवा लोलक आहे तो माणूस जिवंत. नवरा जिवंत असता दुसरे लग्न कसे करायचे? साळवे म्हणाले, मी थांबतो. लोक त्यांची थट्टा करत. "काय साळवे, ट्रंक कुठवर आली?" असे फोरमनसुद्धा विचारी. साळवे थट्टेवर न चिडता उत्तर देत, "पट्टा झाला. आता टोपी राहिली."

माझ्या तिसऱ्या नाताळाला ट्रंक रिकामी झाली.

मी ती स्वतः पाहिली. रूथबाईंनीच मला बोलावून दाखवली. "तुम्ही शास्त्रातलं माणूस. नीट बघा, काही राहिलं असेल तर." मी तळाचा कागद उचलला, कोपऱ्यांतून बोट फिरवले, झाकण ठोकून पाहिले. डांबराच्या गोळीचा एक चपटा तुकडा सापडला. तो रूथबाईंनी स्वतः आणून टाकलेला होता, त्यामुळे तो त्यांच्या यजमानांचा म्हणता येत नव्हता. तरीही त्या क्षणभर तो तळहातावर घेऊन राहिल्या. मग खिडकीतून टाकून दिला.

दुपारी झाड सजवायला घेतले. साळवे बाहेर पायरीवर, पाठ आमच्याकडे करून बसले होते. त्यांना आत बोलावले तरी ते आले नाहीत. रूथबाईंनी गेल्या वर्षीचा, टोपीच्या कापडाचा लोलक काढला. चौकोनी, चारी कोपऱ्यांना इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या. दाराच्या बाजूला उभ्या राहून त्यांनी तो वर धरला, आणि हात तसाच ठेवून, पाय न उचलता घासत घासत, डब्याला वळसा घालून भिंतीकडे गेल्या. टांगताना दोरा फांदीत अडकला. मी सोडवायला पुढे झाले तर म्हणाल्या, "नको. माझं मला करू द्या." गाठ बसल्यावर त्या भिंतीला टेकल्या, आणि मी प्रथमच त्यांच्या तोंडून भूतकाळ ऐकला.

"यांना भेंडी चालत नव्हती," त्या म्हणाल्या.

बाहेर साळव्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या संध्याकाळी रूथबाईंनी घराबाहेरून येताना कडी वाजवली नाही. सरळ कुलूप काढून आत गेल्या. हे मला बरे वाटायला हवे होते.

उन्हाळ्यात त्यांचे लग्न झाले. दोघांनी कारखाना सोडला आणि साळव्यांना चाकणच्या दवाखान्यात जागा मिळाली. रूथबाई आसपासच्या गावांत बाळंतपणे करू लागल्या. निरोप येत, कधी कांदे येत. नोव्हेंबरात चाकणहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर मागणीही आली, आणि मी काचेवर खुणा करायच्या लाल पेन्सिलीचे उरलेले टोक पाठवून दिले.

त्या हिवाळ्यात मला परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. जाण्यापूर्वी भेटावे म्हणून मी चाकणला गेले. तारीख नाताळच्या आदल्या दिवसाची होती. बाजाराच्या मागे दोन खोल्यांचे घर होते. रूथबाई अंगाने भरल्या होत्या, गालांवर तकाकी आली होती. मला पाहून त्यांनी पिठाचे हात तसेच पुढे करून मला जवळ घेतले, विलायतेत अंगावर काय घालायचे यावर मला सविस्तर उपदेश केला, आणि नवऱ्याला बाजारातून साखर आणायला पिटाळले. साळवे अजूनही त्यांना 'सिस्टर' म्हणत होते. घर सुखी होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणाचा तसा समज होणार नाही.

झाड खोलीच्या मधोमध, सजवून झालेले. मी आधी माझा लोलक शोधला. दाराकडे लाल टोकाचा एक लहान पक्षी होता, नवा. मला जो दिलासा वाटला तो माझ्या शिक्षणाला शोभणारा नव्हता. मग मी बाकीचे पाहिले. डॉक्टर, मैत्रिणी, विठोबासुद्धा. आणि त्याच बाजूला सर्वांत वर, जिथे सहज नजर जाते तिथे, खाकी कापडाचा एक तारा. कापड कोरे नव्हते, वापरून मऊ झालेले होते, आणि किनार ओलसर दिसत होती. मी बोट लावले. ओलसरच होती.

"हा कोणाचा?"

"यांचा," रूथबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. 'हे' कोण, ते विचारायची गरज नव्हती. साळव्यांना त्या साळवेच म्हणत.

"कापड कुठलं?"

"ट्रंकेत होतं."

"ट्रंक रिकामी होती, रूथबाई. मी पाहिली होती."

"हो. रिकामीच होती." त्यांनी हात पदराला पुसले. "मी करणार नव्हते, एमेस्सी. मी नाही म्हणत होते. पण सुई थांबेचना."

खाकी कापड कुठेही मिळते. दिघीपासून खडकीपर्यंत सगळा लष्करी मुलूख आहे. जुन्या बाजारात ते ढिगाने पडलेले असते. ओल कणीक मळणाऱ्या हाताची असू शकते. पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मनात अपराधाची भावना राहणे आणि तिने हातांतून वाट काढणे हेही अगदी समजण्यासारखे आहे. हे सगळे मी तिथे उभ्या उभ्या जुळवले, आणि जुळवता जुळवता झाडाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले.

तिथे आई होती, वडील होते, बाळाची घंटा होती, हसनभाई होता. त्यांच्याखाली, निराळ्या एका फांदीवर, साळव्यांचा लोलक होता. औषधाच्या बाटलीवरच्या कागदी पट्ट्यांची ती वेणी मी ओळखली. ती गेल्या वर्षीची होती. पिंपरीला ती दाराकडे टांगताना मीच दोरा धरला होता.

रूथबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. कॅनव्हासच्या बुटांमुळे मला कळले नव्हते. "पेटीत ठेवला होता मी," त्या म्हणाल्या. "हसनभाईचा ठेवला होता तसाच. सकाळी पाहिलं तर इथं." पुढे काही बोलणार तोच साळवे साखर घेऊन आले, आणि रूथबाईंनी चटकन पदर सावरून चहाचे आधण ठेवले.

परतताना साळवे मला एस.टी.पर्यंत पोहोचवायला आले. ऊन चांगलेच होते, तरी त्यांनी काळा कोट गळ्यापर्यंत लावलेला होता. बाजारातल्या कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढताना ते मला विलायतेतल्या दवाखान्यांविषयी विचारत होते. गाडीची वाट पाहत आम्ही लिंबाखाली उभे राहिलो तेव्हा त्यांनी विचारले, "भिंतीकडची बाजू पाहिलीत ना?"

मी म्हणाले, लोलक म्हणजे कागद आणि दोरा. त्यांनी ते आदराने ऐकून घेतले.

"खरं आहे. मी पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढून आणला. साफ आहे. रक्त तपासलं, लघवी तपासली. सगळं साफ. डॉक्टर म्हणाले, साळवे, तुम्हाला झालंय काय?" ते किंचित हसले. "सिस्टरना यातलं काही सांगू नका. त्या फार सुखात आहेत."

गाडी दूरवर धुळीत दिसू लागली. साळव्यांनी कोटाच्या छातीवरच्या बटणावर बोट ठेवले.

"नोव्हेंबरात हे मी तोडून दिलं होतं त्यांना. महिनाभर त्यांनी उशाशी ठेवलं. रोज घेऊन बसायच्या. काल मी झोपेतून उठलो तर कोटाला परत शिवलेलं."

कोटाची बाकीची बटणे काळ्या दोऱ्याने शिवलेली होती. हे खाकी दोऱ्याने शिवले होते. टाके इतके घट्ट, इतके जवळजवळ होते की त्याखालचे कापड गोळा झाले होते.

"त्यांनीच शिवलं असेल," मी म्हणाले.

"मी विचारलं नाही," साळवे म्हणाले.

गाडी थांबली. त्यांनी माझी पिशवी वर दिली, "सलाम, बाई, सुखरूप जा," असे म्हणाले आणि दोन पावले मागे सरले. गाडी वळताना मी खिडकीतून पाहिले. धुळीत ते लिंबाखाली उभे होते. उकाड्याने कपाळावर आलेला घाम पुसत होते, आणि दुसऱ्या हाताने कोटाचे ते बटण काजातून सोडवायचा प्रयत्न करत होते. ते सुटत नव्हते.